समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय होतं?

पणजीत मांडवीच्या काठाने चालत गेलं की जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा लागतो. झगा घातलेला उंच माणूस, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि समोर अर्धवट कोसळलेली एक बाई. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला हा पुतळा शाळेच्या सहलीत आम्हाला 'भुरळ घालणारा पाद्री' म्हणून दाखवला होता. पुढे कित्येक वर्षांनी आई गेली, पावसाळा सुरू झाला, माझं जेवणखाण आणि झोप दोन्ही उडालं, आणि एक मैत्रीण म्हणाली, "समुपदेशकाकडे जाऊन ये." तेव्हा डोळ्यांपुढे हाच पुतळा आला. समोरचा माणूस हात उगारणार, मी कोसळणार, आणि मनात दडवलेलं सगळं तो ओढून काढणार. या भीतीपायी मी चार महिने घालवले.

फारियांनी स्वतः नेमकं याच्या उलट सांगितलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांचा जन्म १७५६चा, गोव्यातल्या कांदोळीचा. पॅरिसमध्ये ते संमोहनाचे प्रयोग करत, त्या काळी मेस्मर या डॉक्टरच्या अनुयायांचं म्हणणं असं की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह निघतो आणि तो समोरच्याला झोपवतो. फारियांनी हे साफ नाकारलं. प्रयोग करणाऱ्याच्या अंगात कसलीच शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनातून, त्याच्या अपेक्षेतून आणि एकाग्रतेतून घडतं, ही त्यांची मांडणी १८१९ साली, ते वारले त्याच वर्षी, पुस्तकरूपाने आली. पुतळ्यात आपली नजर त्यांच्या हातांवर जाते. त्यांच्या मते मात्र खरं काम ती बाई करते आहे.

समुपदेशन म्हणजे संमोहन नव्हे. तिथे कुणी झोपवत नाही, तुम्ही पूर्ण जागे असता. पण काम कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर फारियांनी दिलं तेच आहे.

हे आज लिहायचं कारण माझी नोकरी. मी फोंडा तालुक्यात एका हायस्कुलात शिकवते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यांतली एक. तेव्हापासून पालकसभा संपली की कुणी ना कुणी मला बाजूला घेतं. "बाई, आमच्या मुलाला तिथे पाठवलं म्हणजे त्याच्यात काय दोष आहे का? आत काय विचारतात?" प्रश्न रास्त आहे. दाताच्या डॉक्टरकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. इथलं कुणी सांगतच नाही.

कुणाकडे जायचं?

पाट्या वेगवेगळ्या असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. चाचण्या घेतात, थेरपी देतात, म्हणजे ठरावीक पद्धतीने बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, १९९२च्या कायद्याने, आणि नोंदणी क्रमांक विचारला तर त्यांनी सांगायला हवा. समुपदेशक बहुधा मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्य शिकलेले असतात. शोक, संसारातले ताण, अभ्यासाची धास्ती, दारू, नोकरी गेल्याचा धक्का अशा गोष्टींत ते काम करतात. कोच हा प्रकार निराळा, त्याच्याकडे पुढे येते.

पहिली पायरी चुकली म्हणून काही बिघडत नाही. चांगला समुपदेशक दोन भेटींतच ओळखतो की इथे औषधाचीही गरज आहे, आणि तुम्हाला बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात किंवा एखाद्या खासगी डॉक्टरकडे पाठवतो. औषध आणि बोलणं दोन्ही एकाच वेळी चालू असलेले पुष्कळ लोक आहेत. झोप पूर्ण गेली आहे, कानात आवाज येतात, जगणं नको वाटतं, असं असेल तर मात्र पाट्या वाचत बसू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर ११२.

'क्लायंट' म्हणजे यजमान

तिथे गेलेल्या माणसाला पेशंट न म्हणता क्लायंट म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात हा शब्द आग्रहाने वापरला. पेशंट म्हटलं की माणूस पडून राहतो आणि दुसरा कुणी त्याला बरं करतो, असं चित्र उभं राहतं, ते त्यांना नको होतं. मराठीत अशील म्हटलं तर वकील आठवतो, गिऱ्हाईक म्हटलं तर दुकान. मला विचाराल तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, यजमान.

घरात सत्यनारायण असतो तेव्हा भटजी मंत्र सांगतात, काय आधी आणि काय नंतर ते त्यांना ठाऊक असतं. पण संकल्प यजमानाचा. हातावरून पाणी त्यानेच सोडायचं, नाव-गोत्र त्याचं, 'मम' त्यानेच म्हणायचं. भटजी कितीही विद्वान असले तरी यजमान पाटावर बसला नाही तर पूजा होत नाही. समुपदेशकाच्या खोलीत तुम्ही त्या पाटावर असता. कशासाठी आलो, काय बदलायला हवं, कुठे थांबायचं, हा संकल्प तुमचा. आणि यजमानाला विचारायचा अधिकार असतो. हे असं का करायचं? याने काय होणार? किती दिवस? मी पहिल्या तीन भेटींत यांतलं काहीच विचारलं नाही, कारण विचारणं उद्धटपणाचं वाटलं. ते उद्धटपणाचं नाही.

पहिला दिवस

मी कदंबाच्या बसने पणजीला गेले. घरी बँकेत काम आहे असं सांगितलं होतं. खोली साधी होती. दोन खुर्च्या समोरासमोर नाही, थोड्या तिरक्या ठेवलेल्या, म्हणजे बोलताना वाटलं तर खिडकीकडे बघता येतं. मधल्या तिपाईवर पाण्याचा तांब्या आणि कागदी रुमालांचा डबा. पलंग नव्हता.

समुपदेशक बाईंनी आधी त्यांचं सांगितलं, मग माझं विचारलं. किती शिकल्या, कुठल्या पद्धतीने काम करतात, एक भेट साधारण पन्नास मिनिटांची, फी किती, यायला जमलं नाही तर किती तास आधी कळवायचं, टिपणं कुठे ठेवली जातात. मग एक कागद दिला, संमतीपत्र. तो वाचायला वेळ दिला. तुमच्या समुपदेशकाने यांतलं काही सांगितलं नाही तर तुम्ही विचारा, आणि उत्तर द्यायला तो कुरकुरला तर दुसरा शोधा. माझं हे मत पक्कं आहे.

नंतर माहितीचे प्रश्न येतात. घरात कोण कोण, झोप कशी, भूक कशी, पूर्वी काही आजार, कुठली औषधं, दारू किंवा तंबाखू. "मरून जावंसं वाटतं का?" हा प्रश्न अनेकदा थेट विचारतात. मी दचकले होते. तो सगळ्यांना विचारायचा प्रश्न आहे, आणि विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला तो बोलून दाखवायला वाट मिळते. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर "आज नको" म्हणायचं. ते चालतं.

भाषेचंही पहिल्याच दिवशी ठरवा. आपण पेपर मराठीत वाचतो, फॉर्म इंग्रजीत भरतो आणि रडतो कोंकणीत. मी तासभर शुद्ध मराठीत आईच्या आजारपणाची हकिकत सांगितली, डोळ्यांत टिपूस नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "घरात आईशी कसं बोलायचात?" मी म्हटलं, "मन लागना गो आई, असं." आणि तिथे बांध फुटला. ज्या भाषेत दुखतं त्या भाषेत बोलता येईल असा माणूस मिळाला तर अर्धी वाट सरली.

सल्ला का देत नाहीत?

सगळ्यांत जास्त निराशा इथे होते. माणूस विचारतो, "नवऱ्याला सोडू की नको?" आणि समुपदेशक उलट विचारतो, "सोडलं तर काय होईल असं वाटतं? नाही सोडलं तर?" फी देऊन प्रश्नच मिळतात, अशी तक्रार मी खूप ऐकली आहे.

आपल्याला देवळात कौल लावायची सवय आहे. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली की एक उत्तर, डावी पडली की दुसरं. मनात दोन वाटा असताना कौलाने धीर येतो, मी स्वतःही लावते. पण कौल देवाचा असतो, म्हणून आपण तो मानतो. समुपदेशक माणूस आहे. त्याने आज "सोड" म्हटलं, तर उद्या सासरी, माहेरी, कोर्टात, मुलांसमोर निभावायचं तुम्हाला आहे, त्याला नाही. म्हणून तो निर्णय देत नाही. निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं धुकं कमी करतो, एवढंच त्याचं काम.

याचा अर्थ तो गप्प बसतो असा नाही. पॅनिक अटॅक आला, म्हणजे अचानक जीव घाबरा झाला, तर श्वास कसा घ्यायचा, झोपेचं वेळापत्रक कसं लावायचं, दारूची तलफ आली तर पहिली दहा मिनिटं काय करायचं, हे तो स्पष्ट सांगतो आणि करून घेतो. आयुष्याचे निर्णय मात्र तो घेऊन देत नाही.

'चार वेळा गेले, आणि जास्तच रडू येतं'

हे होतं, आणि इथेच बरेच जण सोडून देतात. आमच्याकडच्या खाडीकाठच्या खाजन शेतात बांधाला मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं आणि खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की दार उघडतं आणि शेतात साचलेलं पाणी वाहून जातं. वर्षानुवर्षं हे दार अडकून राहिलं असेल तर ते मोकळं केल्यावर पहिल्यांदा काय बाहेर येतं? गाळ, कुजलेला पाला, वास. शेत बिघडलं म्हणून नव्हे, साचलेलं निघतंय म्हणून.

पण प्रत्येक वेळी 'हे होणारच' म्हणून सोसत बसायचं, असंही नाही. एखाद्या भेटीनंतर दोन दिवस जड जाणं वेगळं आणि पाच-सहा आठवडे काम, जेवण, झोप सतत घसरत जाणं वेगळं. दुसरं होत असेल तर पुढच्या भेटीत पहिलं वाक्य तेच म्हणा: "मला बरं वाटत नाही, उलट वाईट वाटतंय." चांगला समुपदेशक पद्धत बदलतो, वेग कमी करतो किंवा डॉक्टरकडे पाठवतो.

नुसतं बोलून काय होणार?

हा आक्षेप माझ्या मिस्टरांचा होता, आणि त्याचं उत्तर गोव्यातच मिळालं आहे. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगत' या गोव्यातल्या संस्थेने तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर एक चाचणी केली. ठिकाणं आपलीच, १० प्राथमिक आरोग्य केंद्रं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले, अर्ध्यांना त्याच्या जोडीला समुपदेशन. ते देणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक तीस-चाळीस मिनिटांची. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हे २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. आमच्या पंचायतीतल्या लोकांना मात्र ठाऊक नाही, याची मला हळहळ वाटते.

त्या समुपदेशनात मुख्य पद्धत होती ती अशी. उदास माणूस कामं सोडतो, कामं सोडली की दिवस रिकामा होतो, रिकाम्या दिवसात उदासी वाढते. मग मन कधी बरं होईल याची वाट न बघता आधी एक छोटं काम धरायचं आणि मन मागून येऊ द्यायचं. माझं काम अबोलीचं होतं. आई परसात अबोली लावायची, रोज सकाळी वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा, करायची. ती गेल्यावर मी तिकडे फिरकलेच नव्हते. बाईंनी विचारलं, आठवड्यातून किती दिवस जमेल? मी म्हटलं, तीन. तीन दिवस फक्त पाणी घालायचं, फुलं काढायची नाहीत. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस झालं, आणि बाईंनी ते दोनच लिहून घेतले, रागावल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात मी अर्धी वीत वळेसर केला. दोरा आईच्याच डब्यातला.

म्हणजे नुसतं बोलणं नसतं. दोन भेटींच्या मधल्या सहा दिवसांत तुम्ही काय करता त्यावर बरंचसं ठरतं. आठवड्यातला एक तास समुपदेशकाचा, बाकी सगळे तास तुमचे.

कुणाला कळलं तर?

गोव्यात दोन अनोळखी माणसं पाच मिनिटं बोलली की नातं निघतंच. आडनाव, मग गाव, मग वाडा, मग कुळदैवत. म्हणून ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केलं आहे. याला अपवाद असतात आणि ते पहिल्याच भेटीत समजून घ्या: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, कायद्याने किंवा कोर्टाने माहिती मागितली तेव्हा, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तेव्हा. शेवटच्या बाबतीत २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे.

कायद्यापलीकडे काही रीती आहेत. तुमच्या वहिनीची बहीण समुपदेशक असेल तर तिने तुम्हाला घेऊ नये. ती कितीही हुशार असली तरी, आणि तुम्हाला ओळखीचं माणूस बरं वाटलं तरी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समुपदेशक समोर आला तर तो आपणहून ओळख दाखवणार नाही. मला हे ठाऊक नव्हतं, एकदा बाई तशाच पुढे निघून गेल्या आणि मला लागलं. पुढच्या भेटीत त्यांनी समजावलं: तुमच्यासोबत कोण आहे, तुम्ही त्यांना काय सांगितलंय, हे मला माहीत नसतं. तुम्ही हसलात तर मी हसेन.

मुलांच्या बाबतीत पालकांना हे जड जातं. "मी आई आहे, मला कळायला नको?" मुलगा सुरक्षित आहे की नाही, हे तुम्हाला कळेल. साधारण कशावर काम चाललंय, तेही कळेल. त्याने शब्दन् शब्द काय सांगितलं, ते नाही. आमच्या शाळेत एका मुलाच्या घरच्यांनी रोज संध्याकाळी "आज काय बोललास?" असं खोदायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत मुलगा त्या खोलीत फक्त क्रिकेटबद्दल बोलू लागला. त्याची आता जगात एकही खासगी जागा उरली नव्हती.

कोच म्हणजे काय?

आपण फुटबॉलवाले लोक, हे पटकन कळेल. कोच मैदानाच्या कडेला उभा असतो, चेंडू त्याने मारायचा नसतो. खेळाडू धडधाकट आहे, त्याला आणखी चांगलं खेळायचंय, हे धरून तो चालतो. आयुष्यातला किंवा करिअरचा कोचही तसाच. नोकरी बदलायची आहे, धंदा वाढवायचाय, माणसं सांभाळायला शिकायचंय, अशी पुढची उद्दिष्टं, ठरावीक मुदत आणि दर भेटीत "गेल्या वेळी ठरवलेलं झालं का?" हा प्रश्न. नेटाने कामाला लागायचं असेल तर उपयोग होतो.

पण गुडघ्याचा लिगामेंट तुटलेल्या खेळाडूला जो कोच "मनाची ताकद लाव आणि पळ" म्हणतो, त्याच्या हाती कुणी पोर देणार नाही. जुनं दुखणं, नैराश्य, व्यसन, छळ यांवर काम करणं कोचचं नाही. त्याने हे ओळखून पुढे पाठवायला हवं. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनांची प्रमाणपत्रं असतात, त्यांना किती तासांचं शिक्षण लागलं ते विचारा. शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्र मिळवलेला आणि सगळ्या सेशनचे पैसे आधी मागणारा माणूस भेटला तर एकच भेट ठरवा, पुढचं नंतर. आणि हमी देणारा कुणीही असो, कोच किंवा समुपदेशक, त्याच्यापासून लांब राहा.

पैसे, आणि माणूस जमला नाही तर

खासगी फी अनेक घरांना परवडत नाही, हे खरं आहे. सरकारी रुग्णालय, शाळा-कॉलेजातला समुपदेशक, स्वयंसेवी संस्था आणि १४४१६ या वाटा आधी बघा. खासगीत फी कमी करता येईल का, पंधरा दिवसांतून एकदा आलं तर चालेल का, हे विचारण्यात कमीपणा नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावं असं २०१७चा कायदा सांगतो, पण बऱ्याच पॉलिसींत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचे पैसे मिळत नाहीत. आपली पॉलिसी वाचून घ्या.

दोन-तीन भेटींनंतर सूर जुळत नाही असं वाटलं तर बदला. सांगून बदला, निरोपाची एक भेट घेऊन. पण समोरच्याने अंगाला हात लावला, मैत्री किंवा उधारी मागितली, दुसऱ्या क्लायंटची गोष्ट नावासकट सांगितली, तुमची जात किंवा धर्म काढून टोमणा मारला, तर निरोपाची गरज नाही. उठून यायचं.

किती दिवस चालतं?

त्या आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटी लागल्या. माझ्या अकरा झाल्या. जुन्या जखमा असतील तर वर्षही लागतं. दर पाच-सहा भेटींनी "आपण कुठे आहोत?" असं दोघांनी मिळून बघायचं असतं, आणि शेवटची भेट आधी ठरवून घ्यायची असते.

माझ्या शेवटच्या भेटीत आम्ही दोघींनी एक यादी केली. मी पुन्हा घसरू लागले तर सगळ्यांत आधी काय दिसेल? मी लिहिलं: सकाळचा चहा समोर असून गार होतो. बहिणीचा फोन उचलत नाही. अबोलीला पाणी नाही. तिन्हींपैकी दोन सलग आठवडाभर दिसली तर अपॉइंटमेंट घ्यायची. ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे आणि घरच्यांनीही वाचली आहे. गेल्या पावसात एका संध्याकाळी मिस्टरांनी कपाट उघडून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. या वेळी बसच्या तिकिटाचे पैसे मिस्टरांनीच काढून ठेवले होते.